फाटक्या छापांचे मोल
अंबरनाथ, प्रतिनिधी

जुन्या चित्रकार्डांना श्रेणी देऊन ती सीलबंद करण्याचे काम अमेरिकेतील ‘पीएसए’ ही संस्था १९९१ पासून करीत आहे. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचा मध्य पाहून एक ते दहा असे गुण दिले जातात. नव्या कार्डांचा भाव बव्हंशी या गुणांवर ठरतो. फार जुन्या कार्डांचे गणित मात्र निराळे आहे. बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचे १९०९ ते १९११ या काळात सिगारेटबरोबर वाटले गेलेले कार्ड ऑगस्ट २०२१ मध्ये तीन गुणांच्या श्रेणीत सुमारे ६६ लाख डॉलरना विकले गेले. वर्षभरानंतर त्याच कार्डाच्या दोन गुणांच्या, म्हणजे अधिक झिजलेल्या प्रतीला साडेबाहात्तर लाख डॉलर मिळाले. वस्तू दुर्मीळ असली की झीज गौण ठरते, हाच याचा अर्थ.

अंबरनाथकरांना हा विषय परका वाटू नये. स्वीडिश भांडवलावर १९२३ मध्ये स्थापन झालेल्या ‘विम्को’ने येथे काडेपेट्यांचा कारखाना चालविला. ही कंपनी २००५ मध्ये ‘आयटीसी’कडे गेली. येथील कारखाना बंद पडला. विम्को नाका हे नाव तेवढे उरले. काडेपेटीवरचे छाप जमविणे, त्यांची अदलाबदल करणे आणि खेळात ते पणाला लावणे हा कित्येक पिढ्यांतील मुलांचा छंद होता. साहजिकच घरोघरी उरलेले छाप दुमडलेले, डागाळलेले आणि पाठ सोललेले आहेत.

अशा छापांना बाजारात मोठी किंमत येईलच, असे मुळीच नाही. जे छाप अमाप संख्येने छापले गेले, त्यांची फाटकी प्रत कोणी संग्राहक सहसा विचारीत नाही. दुर्मीळता, मागणी आणि स्थिती या तिन्हींचा मेळ बसला तरच भाव चढतो. परंतु बाजारभाव आणि ऐतिहासिक मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. छापावरील कारखान्याचे नाव, अबकारी पट्टीचा तुकडा किंवा किंमत यांवरून काळ ठरविता येतो. काडेपेटी २००७ मध्ये पन्नास पैशांवरून एक रुपयावर आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन रुपयांवर गेली. ही माहिती सुरकुतलेल्या कागदावरही शाबूत राहते.

खरा धोका झिजेपेक्षा दुरुस्तीचा आहे. कडा कापून सरळ करणे, उडालेला रंग भरणे, चिकटपट्टी लावणे किंवा लॅमिनेशन करणे, या उपायांनी मूळ पुरावाच नष्ट होतो. श्रेणी देणाऱ्या संस्थाही कापलेल्या वा रंगविलेल्या कार्डाला नियमित गुण देत नाहीत. छाप कोरड्या जागी, आम्लरहित कागदात ठेवणे आणि तो कोठून मिळाला याची नोंद करणे पुरेसे आहे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले होते. तेव्हा कागद तळमजल्यावर ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

इ. स. १०६० मधील अंबरनाथच्या शिवमंदिराची झिजलेली शिल्पे आपण नव्याने घडवून घेत नाही. कामगारांच्या घरांतील या कागदांनाही तोच न्याय लावायला हवा. नाहीतर विम्कोच्या या खुणा रद्दीच्या भावाने जातील.