ग्रंथालयात बसणे आणि ग्रंथ उघडणे

ग्रंथालयात नियमित जाणारा विद्यार्थी परीक्षेत पुढे असतो, असे सर्वत्र मानले जाते. आम्हांस हे अर्धेच पटते. मुळात अभ्यासू असलेलाच तिकडे वळतो. मग यशाचे श्रेय ग्रंथालयाचे किती आणि त्याच्या वृत्तीचे किती, हे हजेरीपटावरून कसे ठरवावे? लालबाग-परळच्या चाळीतील एका खोलीत वाढलेला विद्यार्थी अभ्यासिकेत जातो तो शांत जागेसाठी. त्या जागेचे मोल आम्ही जाणतो. मात्र आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यापुढे तेथेही बहुधा प्रश्नोत्तरांची पुस्तिकाच असते. चक्रपाणी कपाटातच राहतात, आणि तरीही गुण मिळतात!

मुंबईकर वैद्यांस हे अधिक बोचावे. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेल्या सटीक चरकसंहितेची १९४१ सालची आवृत्ती आपल्याच शहरातील निर्णयसागर छापखान्यातून निघाली.

औषधनिर्मात्यांसही हा प्रश्न परका नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जे ग्रंथ नमूद आहेत, त्यांच्याच आधारे शास्त्रोक्त कल्प सिद्ध होतात. एकाच नावाचा योग दोन ग्रंथांत घटकभेदाने आला, तर मूळ पाठ उघडून पाहणारा पदवीधर हवा. तो गुणपत्रिकेवरून ओळखता येत नाही.

म्हणून दादर-गिरगावातील वैद्यबंधुभगिनींस आमची विनंती आहे. चिकित्सालयात शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यास गुण विचारू नयेत. त्या दिवशी पाहिलेल्या रुग्णाच्या व्याधीवरील एखाद्या सूत्राची टीका ग्रंथालयातून उतरवून आणण्यास सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्याकडून समजून घ्यावी.