तक्त्यात नसलेला धातू

बालमित्रांनो, आमच्या चौथीतल्या एका पठ्ठ्यानं परवा विचारलं, "बाई, अमेरिकन कॉमिक्समधल्या वुल्व्हरिनची नखं अ‍ॅडमँटियमची आहेत. तो धातू मूलद्रव्यांच्या तक्त्यात कुठाय?"

हा तक्ता म्हणजे हजेरीपटच! अणूत जितके प्रोटॉन, तोच त्याचा नंबर. लोखंड २६, कोबाल्ट २७. साडेसव्वीस प्रोटॉन नसतातच! १ ते ११८ सगळे हजर. मध्ये घुसायला जागाच नाही.

पठ्ठ्याचं तोंड उतरलं. "म्हणजे सगळं खोटंच?"

"अरे, थांब! कॉमिक्समध्येही तो पोलादासारखा मिश्रधातूच आहे. आणि खऱ्या मिश्रधातूंच्या करामती काय कमी? निकेल-टिटॅनियमच्या नितिनॉलची सरळ तार वाकवायची, गरम पाण्यात टाकायची. की टुणकन् पुन्हा सरळ!"

आता स्वारी नवा मिश्रधातू शोधणार म्हणतेय. तुम्ही सांगा बरं, पितळेत कोणते दोन धातू असतात?