रफू करणाऱ्यांची कदर

नव्याचे कौतुक नऊ दिवसांचे. जुन्याची डागडुजी मात्र बारमाही. घराच्या बाबतीत हे आपल्याला पटते. छप्पर गळू लागले म्हणून कोणी घर पाडत नाही. संगणक किंवा फोन अडखळला, की मात्र ‘आता नवा घ्या’ हा सल्ला ठरलेला! हा सल्ला दर वेळी खरा असतोच असे नाही.

संगणकाच्या साऱ्या कारभाराच्या मुळाशी एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला लिनक्स हा असाच एक गाभा. आपल्या खिशातले अँड्रॉइड फोन आणि जगभरातले असंख्य सर्व्हर त्याच्यावरच चालतात. कॅमेरा, वायफाय, स्पीकर यांच्याशी गाभ्याचे बोलणे जुळवून देणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. लिनक्सचा अर्ध्याहून अधिक भाग या दुभाष्यांनीच व्यापलेला आहे.

लिनक्सची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. पण कारखान्यातले यंत्र दर दोन महिन्यांनी गाभा बदलून कसे चालेल? म्हणून नव्या आवृत्तीत ड्रायव्हरचा दोष सुधारला, की तीच दुरुस्ती जुन्या, स्थिरावलेल्या आवृत्तीत नेऊन बसवतात. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. २००५ पासून त्यासाठी स्वतंत्र शाखा आहे. दुरुस्ती आधी मुख्य आवृत्तीत स्वीकारलेली हवी, लहान हवी आणि तपासलेली हवी, असे तिचे नियम आहेत.

हे काम रफूगाराचे आहे. नवा धागा जुन्या विणीत बसला नाही, तर भोक बुजण्याऐवजी कापडच फाटते. २०२३ च्या अखेरीस तसेच घडले. फाइली साठवण्याच्या व्यवस्थेतली एक दुरुस्ती ६.१.६४ या आवृत्तीत आणली गेली; पण ती ज्या आधीच्या बदलावर उभी होती, तो बदल तिथे नव्हताच. फाइलींतली माहिती बिघडण्याचा धोका निर्माण झाला आणि डेबियन या लिनक्स प्रणालीला आपली १२.३ ही आवृत्ती रोखून धरावी लागली. हा दोष ड्रायव्हरचा नव्हता, पण धडा तोच. ड्रायव्हरच्या बाबतीत तर आणखी एक पंचाईत असते. जुने यंत्रच हाताशी नसेल, तर दुरुस्ती तपासायची कशावर?

एवढी जोखीम असेल, तर जुने सोडूनच द्यावे, असे काहीजण म्हणतात. जुने अनंतकाळ जपता येत नाही, हे खरेच आहे. २०१७ मध्ये दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांची देखभाल सहा वर्षांपर्यंत नेण्याचे ठरले. २०२३ मध्ये ती पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले. काही आवृत्त्यांना वाढीव मुदत मिळते, पण मोजक्या माणसांच्या खांद्यावर किती ओझे टाकायचे?

ते ओझे यंत्रे विकून नफा कमावणाऱ्यांनी उचलायला हवे. हे अशक्य नाही. २०१६ मध्ये सीमेन्स, तोशिबा, हिताची यांसारख्या कंपन्या सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म या उपक्रमात एकत्र आल्या. वीज, रेल्वे यांसारख्या सेवांसाठी निवडक आवृत्त्या दहा वर्षे आणि त्याहून अधिक सांभाळण्याचा त्यांचा संकल्प आहे. यंत्रणेसाठी जे जमते, ते घरातल्या फोनसाठी का जमू नये?

दुकानात आपण किंमत विचारतो, रंग विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारू या : ‘याची दुरुस्ती किती वर्षे मिळेल?’ गिऱ्हाईक हा प्रश्न विचारू लागले, की रफूगाराला मजुरी देणे विक्रेत्यालाही परवडू लागेल.