शालेय शोध आणि त्यांचे रक्षण

विज्ञान-प्रदर्शनाचे दिवस आले की शाळेचे सभागृह गजबजून जाते. पुठ्ठा, तारा आणि खेळण्यांतल्या मोटारी यांतून मुले नाना उपकरणे उभी करतात. पाहुणे शाबासकी देतात आणि दुसऱ्या दिवशी सारे सामान अडगळीच्या खोलीत जाऊन पडते. (बाजारातून तयार आणलेल्या ज्वालामुखींविषयी आम्ही बोलत नाही, त्यांची जागा तीच.) परंतु त्या गर्दीत एखादे उपकरण खरोखरच नवे असते. त्याचे, आणि ते घडविणाऱ्या मुलाचे, पुढे काय होते याचा विचार आपल्या शाळांनी अद्याप पुरेसा केलेला नाही, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील एका शाळेची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. आयडाहो राज्यातील रिग्बी या लहानशा गावी १९२२ साली फिलो फार्न्सवर्थ या पंधरा वर्षांच्या शेतकरीपुत्राने दूरदर्शनाची आपली कल्पना रसायनशास्त्राचे शिक्षक जस्टिन टॉलमन यांना फळ्यावर आकृती काढून समजावून दिली. नांगराचे तास जसे एकामागून एक पडतात, तशा ओळींनी चित्र वाचावयाचे आणि विजेच्या रूपाने दूर धाडावयाचे, असा तिचा आशय होता. वहीच्या एका पानावर त्याने ती आकृती काढूनही दिली. टॉलमन यांनी ते पान जपून ठेवले. फार्न्सवर्थने १९२७ च्या जानेवारीत पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे आपले यंत्र चालवून दाखविले. पुढे आर. सी. ए. या बलाढ्य कंपनीने, आपल्या झ्वोरिकिन या संशोधकाचा १९२३ चा अर्ज पुढे करून, हा शोध आधी आमचाच असे म्हटले. तेव्हा टॉलमन यांनी साक्ष दिली आणि ते जुने पान पुढे ठेवले. निकाल केवळ त्या कागदावर लागला असे नव्हे, त्याला तांत्रिक कारणेही होती. पण १९३४ साली तो फार्न्सवर्थच्या बाजूने लागला, आणि १९३९ साली त्या कंपनीस त्याच्याकडून रीतसर परवाना घ्यावा लागला.

टॉलमन यांनी शोध लावला नाही, पैसाही पुरविला नाही. त्यांनी मुलाचे म्हणणे ऐकून घेतले, ते समजून घेतले आणि कागद फेकून दिला नाही. शिक्षकवर्गाकडून आमची अपेक्षा याहून फार मोठी नाही. ज्याला काही नवे सुचते त्याला एक बांधीव वही द्यावी. तीत तारीख, आकृती, फसलेले प्रयत्नसुद्धा त्याने स्वतः लिहावेत आणि प्रत्येक पानाखाली शिक्षकांनी सही करावी. फसलेले प्रयत्न गाळू नयेत, कारण काम मुलाचे की वडिलांचे, हे त्यांवरूनच कळते.

मात्र आपल्या देशात नुसत्या वहीने भागत नाही. आपल्या पेटंट कायद्यात जो आधी अर्ज करतो त्याचे पारडे जड असते, आणि अर्जापूर्वी जी वस्तू सर्वांसमोर आली ती सामान्यतः नवी धरली जात नाही. म्हणजे ज्या प्रदर्शनात आपण मुलाची पाठ थोपटतो, तेच त्याच्या हक्कावर पाणी सोडणारे ठरू शकते! १९७० च्या कायद्यात प्रदर्शनांना बारा महिन्यांची सवलत आहे खरी. परंतु ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना, शाळेच्या सभागृहाला नव्हे. शिक्षकांना विश्वासाने सांगितल्याने हक्क जात नाही. चव्हाट्यावर मांडल्याने जातो.

जी गोष्ट प्रदर्शनाची तीच या वार्षिकाची. छापलेला अंक घरोघर जातो, आणि त्यातील आकृती कायद्याच्या दृष्टीने प्रसिद्धच झालेली असते. म्हणून एखाद्या विद्यार्थ्याच्या उपकरणाची संपूर्ण रचना अर्जापूर्वी येथे छापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलाचे नाव आणि उपकरणाचा उपयोग एवढे कौतुकास पुरे.

उपाय फार कठीण नाही. पूर्ण तपशील तयार नसला तरी प्राथमिक तपशिलासह अर्ज देता येतो. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील दिला नाही तर तो अर्ज सोडून दिला असे समजले जाते. मूल अज्ञान असल्यास पालकांमार्फत हे करता येते. बडोदे, इंदूर व गोवे येथील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. बेळगाव आणि हैदराबाद येथील चेन्नईकडे. अर्जाची पहिली फी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील आहे. पुढील तपासणीचा आणि सल्ल्याचा खर्च मात्र वाढत जातो. म्हणून प्रत्येक उपकरणासाठी धावाधाव करण्यात अर्थ नाही. बहुतेक उपकरणे अभ्यासासाठीच असतात आणि त्यात काही कमीपणा नाही. खरोखर नवे, सहज न सुचणारे आणि उद्योगात उपयोगी पडेल असेच निवडावे. सन २००० मध्ये स्थापन झालेले गुजरातेतील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मुलांच्या कल्पनांना साहाय्य करते. तेथेही अवश्य लिहावे.

एका गोष्टीत आम्ही तडजोड मानणार नाही. अर्जात शोधक म्हणून ज्याने शोध लावला त्याचेच नाव यावे. शाळेने जागा दिली, शिक्षकांनी सुचविले, म्हणून मुलाच्या हक्कात वाटा मागणे शोभत नाही. शिक्षकांची कल्पनाच त्यात मिसळली असेल तर गोष्ट वेगळी. मग दोघांचीही नावे लिहावीत.

बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन निघाले, आणि दादासाहेब फाळके तेथे शिकून गेले. त्या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे, तेव्हा पालकवर्गातील वकील व इंजिनियर मंडळींनी वर्षातून एक शनिवार शाळेला द्यावा, एवढे मागणे जास्त होऊ नये. तो शनिवार प्रदर्शनाच्या दोन महिने आधी असावा. त्या दिवशी मुलांनी आपल्या वह्या घेऊन बंद खोलीत बसावे, जाणत्यांनी त्या वाचाव्यात, आणि ज्या उपकरणासाठी अर्ज करावयाचा ते त्या वर्षीच्या मांडणीतून वगळावे. पारितोषिकाची चिंता नको; परीक्षकांना ते दाराआड दाखविता येईल.