काळ्या रानाला आंबट करण्याचा धंदा



कापूस-ज्वारीत काही उरत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण आपले हे दुखणे ऐकले की काही शहाण्यांना फार कळवळा येतो. त्यांचे औषध ठरलेले असते : पीक बदला. आता त्यांच्या यादीत ब्ल्यूबेरी आली आहे. आपण विचारावे, "साहेब, त्या झाडाला म्हणे आम्ल जमीन लागते, आमची तर काळी, चुनखडीची." उत्तर तयार असते. "सामू खाली आणता येतो. गंधक टाका, जिप्सम टाका, हे द्रावण ठिबकमधून सोडा." रोप, गंधक आणि द्रावण तिन्ही एकाच दुकानात मिळतात, हा अर्थात योगायोग!

या सल्ल्याचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही. तो आपणच मांडू.

सामू ७ म्हणजे मध्यम. त्याखाली आम्ल, वर विम्ल. आपली काळी जमीन साधारण साडेसात ते साडेआठ. ब्ल्यूबेरीला हवा साडेचार ते साडेपाच. आठावरून पाचावर यायचे, म्हणजे तीनच आकडे, असे वाटते. पण सामूच्या पट्टीवर एक आकडा उतरला की आम्लता दहापट होते. तीन आकडे म्हणजे हजारपट. आणि वाटेत चुनखडी बसलेली आहे. नांगराच्या तासात पांढरे खडे दिसतात ना, तीच. जमिनीत पडलेले आम्ल आधी ती खाऊन टाकते. मातीतला चुना शिल्लक आहे तोवर सामू सातच्या खाली उतरायचे नाव घेत नाही.

एका एकराची वरची सहा इंच माती सुमारे ९ लाख किलो भरते. तीत १ टक्का चुना असला तर तो झाला ९० क्विंटल. १०० किलो चुना मारायला ३२ किलो गंधक लागते, म्हणजे एका टक्क्याला २९ क्विंटल. आपल्याकडच्या पुष्कळ रानांत चुना ५ टक्के आणि त्याहूनही जास्त असतो. पाच टक्के धरले तर एकरी १४५ क्विंटल गंधक! दुकानदार देतो १० किलोची एक पिशवी. अशा १,४५० पिशव्या लागतील. त्याच्या एका पिशवीने मरतो ३१ किलो चुना, आणि रानात आहे ४५ हजार किलो. दुकानातला आजचा भाव घ्या आणि गुणाकार घरी करा. हे झाले फक्त सहा इंचांचे. खालच्या थरात चुना बहुधा अधिकच सापडतो.

शिवाय गंधक आपोआप आम्ल होत नाही. मातीतले जिवाणू ते करतात, त्यांना ओल लागते आणि महिनोन्‌महिने लागतात. कोरडवाहू रानात ओल असते किती दिवस? विहिरीचे पाणी द्यावे तर तेही बहुतेक ठिकाणी जड, क्षारांचे. एका हाताने चुना मारायचा आणि दुसऱ्या हाताने पाण्यातून परत आणून ओतायचा.

जिप्समची गंमत तर वेगळीच. जिप्सम हे आम्ल नाहीच. सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीला ते औषध आहे, तिथे ते जरूर वापरावे. चुनखडीच्या चांगल्या रानात सामू उतरवायला त्याचा उपयोग शून्य. गंधकाच्या आम्लाने चुना मेला की मातीत जे तयार होते, ते जिप्समच!

गंधकाशी आमचे वैर नाही. तेलबियांना ते अन्न म्हणून लागते, एकरी आठ-दहा किलो पुरते. अन्नाची मात्रा औषध म्हणून विकायची, ही लबाडी आहे.

ज्यांनी ब्ल्यूबेरी माणसाळवली त्यांनी काय केले? अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली लिहून ठेवले की, या झाडाला आम्ल माती हवी. एलिझाबेथ व्हाइट या शेतकरी बाईने त्यांना आपल्याकडे बोलावले. तिची जमीन न्यू जर्सीतली, पाइनच्या रानातली, रेताड आणि मुळातच आम्ल. १९१६ साली तिथून पहिला माल बाजारात गेला. झाड आवडत्या मातीत नेले, माती झाडाच्या मागे पळवली नाही. आपल्याकडे कोकणात बघा. सह्याद्रीचा दगड तोच काळा, पण तीन हजार मिलिमीटर पावसाने चुना केव्हाच धुऊन नेला, म्हणून जांभ्याची माती आम्ल. तिथे काजू, कोकम होते. त्याच्या चौथाई पावसात आपला चुना जागेवर राहिला, आणि त्या मातीत पऱ्हाटी आणि ज्वारी खुशाल वाढते. जमिनीत दोष नाही.

कुंडीत नारळाचा भुसा भरून, आम्ल केलेले पाणी देऊन ब्ल्यूबेरी येते, हे खरे. पण तो कारखाना झाला. त्याला तुमची जमीन लागत नाही. भांडवल, सावली आणि बारमाही पाणी लागते. ज्याच्याकडे ते आहे त्याने खुशाल करावे.

संत्र्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तरी हेच दुकान सामू उतरवायला सांगते. चुन्यामुळे लोह मुळाला मिळत नाही, एवढेच ते दुखणे असते. अर्धा टक्का हिराकसाची फवारणी पानावर घेतली की निभावते. मातीशी कुस्ती खेळायची गरज नाही.

आता सरकारकडे वळू. २०१५ साली केंद्राने मृदा आरोग्य पत्रिका आणली. तीत बारा बाबी : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. चुना नाही! ज्या आकड्यावर काळ्या रानाचा सगळा हिशेब फिरतो, तोच गायब. शेतकऱ्याच्या हातात सामू ८.२ एवढे छापून ठेवायचे, आणि पुढचे दुकानदाराने सांगायचे.

जिल्हा बैठकीत मागणी मांडायची ती हीच : काळ्या जमिनीच्या प्रत्येक पत्रिकेवर मुक्त चुन्याचे प्रमाण छापा. आणि सामू उतरवायचे औषध विकणाऱ्याने किती टक्के चुना धरून मात्रा काढली, ते पावतीवर लिहून सही करावी. तोवर आपल्या रानातले एक वाळके ढेकूळ घ्या, संडास धुण्याचे ॲसिड हात-डोळे सांभाळून थेंबभर त्यावर टाका. जोरात फसफसले, तर गंधकवाल्याला तेच ढेकूळ दाखवा आणि १,४५० पिशव्यांचे कोटेशन मागा.