हायब्रिडचं अॅव्हरेज आणि माझं एक्सेल

"गाडी अॅव्हरेज किती देते?" हा प्रश्न आपल्याकडे रंगाच्याही आधी विचारतात. आमच्या टीममधल्या एकाने गेल्या वर्षी हायब्रिड घेतली, तेव्हा कँटीनमध्ये पहिला प्रश्न हाच. तो म्हणाला, "शहरात एकोणीस." लगेच निकाल लागला. कागदावर अठ्ठावीस, हातात एकोणीस, फसला बिचारा!

मलाही तसंच वाटलं होतं. पण आता माझी जुनी पेट्रोल गाडी बदलायची आहे, शोरूमवाला दर शनिवारी फोन करतोय आणि हायब्रिडसाठी साधारण अडीच लाख जास्त मोजायचे आहेत. अडीच लाख म्हणजे गंमत नाही. म्हणून दोन महिने आम्ही दोघांनी टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असं मोजलं (डॅशबोर्डवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही). दोघांचंही ऑफिस हिंजवडीत. तो कोल्हापूरचा, मी साताऱ्याचा, म्हणजे हायवेही एकच. गावाला निघताना आणि परत आल्यावर टाकी वेगळी भरायची, एवढंच पथ्य.

कोथरूड-हिंजवडी: माझी साडेदहा, त्याची एकोणीस. हायवेला: माझी सतरा, त्याची वीस. गाड्या साधारण एकाच आकाराच्या. माझी जुनी आहे, तेव्हा थोडी सूट द्या.

आता कागद बघा. ग्रँड व्हिटारा २०२२ मध्ये आली तेव्हा स्ट्राँग हायब्रिडचा आकडा २७.९७ होता आणि माइल्ड हायब्रिड मॅन्युअलचा २१.११. हे आकडे येतात ते रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगाने गाडी पळवून. कमाल वेग ताशी ९०. (एआरएआयची टेकडी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथून खाली उतरून संध्याकाळी सहाला पौड रोडवर एकदा टेस्ट करा म्हणावं!) त्या कागदावरून १०० किलोमीटरला जेमतेम १.२ लिटर वाचतं. आमच्या ट्रॅफिकमध्ये वाचलं ४.३ लिटर. म्हणजे कागदापेक्षा कमी दोन्ही गाड्या देतात, पण साधी गाडी जॅममध्ये जास्त आपटते. कँटीनमधला निकाल साफ उलटा होता.

कारण सरळ आहे. जॅममध्ये साधी गाडी जागच्या जागी पेट्रोल जाळत बसते आणि प्रत्येक ब्रेकला कमावलेला वेग उष्णता होऊन उडून जातो. हायब्रिडचं इंजिन तिथे बहुतेक वेळ बंद असतं आणि ब्रेक मारला की मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते. हायवेला ब्रेकच कमी, तर परत काय मिळवणार? शंभरच्या वेगाला दोघींनाही हवा तेवढीच कापायची असते. खंबाटकी उतरताना थोडं चार्जिंग होतं, पण ती बॅटरी एवढीशी असते की लवकरच भरते.

मग घ्यायची का? इथे माझं एक्सेल जरा निष्ठुर झालं. मी ऑफिसला आठवड्यातून दोनच दिवस जातो, वर्षाला साधारण ३,४०० किलोमीटर. साताऱ्याला महिन्यातून दोनदा, ते ५,४०० च्या आसपास. एकूण वाचेल १९० लिटर. पेट्रोल १०४ धरलं तर वीसेक हजार रुपये. अडीच लाख फिटायला साडेबारा वर्षं! तेवढ्यात गाडी तिसऱ्याच कोणाच्या तरी दारात असेल. हाच माणूस महिनाभर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कॅब चालवत असेल आणि वर्षाला ३०,००० किलोमीटर शहरात करत असेल, तर दोन वर्षांत पैसे वसूल.

पर्यावरणाचं काय, असं बायको म्हणाली. मुद्दा बरोबर आहे. पण पेट्रोल वाचवायचंच असेल तर त्या अडीच लाखांच्या व्याजात मला साताऱ्याची एसटी वर्षभर परवडते. (हे आईला सांगू नका. ती डब्यांच्या पिशव्या देते, त्या एसटीत कोण धरणार?)

तर या शनिवारी शोरूमवाल्याला साध्या पेट्रोलचं कोटेशन मागणार आहे. फक्त एक धाकधूक आहे. मॅनेजर सध्या "टीम स्पिरिट", "समोरासमोर बसून काम" असं काहीतरी बोलायला लागलाय. पाच दिवस बोलावलं तर सगळं शीट परत भरावं लागेल.