पामतेलाच्या भावात न धरलेले अरण्य

पामतेल हे गरिबाचे तेल आहे, हे प्रथम मान्य करूनच बोर्निओ आणि सुमात्रा येथील अरण्यांविषयी बोलले पाहिजे. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते व त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा असतो. या तेलाच्या आयातीत भारत जगात पहिला आहे. शेंगदाण्याच्या तेलाचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी घरातही ते बिस्किटे, फरसाण आणि साबण यांच्या वाटेने येतेच.

हे तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशिया येथून येते, आणि ओरांगउटान या मानवसदृश कपीचे घरही तेथेच आहे. मलाय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे रान. आपला 'वनमानुष' हा शब्द याहून फारसा निराळा नाही. त्याच्या तिन्ही जाती आज विनाशाच्या अगदी काठावर आहेत. त्यांतील तापानुली ही जात शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये वेगळी म्हणून ओळखली, तेव्हाच तिची संख्या आठशेच्या आत होती. ओरांगउटानच्या मादीला सात-आठ वर्षांतून एकदा पिल्लू होते. ज्या भांडवलावर व्याज इतके अल्प मिळते, त्यातून थोडीशी उचल झाली तरी मुद्दलच संपू लागते. एकट्या बोर्निओत १९९९ ते २०१५ या काळात एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले. ते सर्वच काही कुऱ्हाडीने गेले नाहीत. रान उभे असलेल्या भागातही शिकारीने आणि मळ्यात शिरलेल्या जनावराला मारून टाकण्याच्या प्रघाताने अनेकांचा बळी घेतला.

अरण्य कसे गेले, याची एक कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावी. १९९५ मध्ये सुहार्तो राजवटीने मध्य कालिमांतानमधील सुमारे १० लाख हेक्टर दलदलीची जमीन भातशेतीखाली आणण्याचा बेत केला. ही जमीन म्हणजे हजारो वर्षे साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे खोल थर. कालवे खणून पाणी काढले. भात काही पिकला नाही. थर मात्र वाळले आणि १९९७ च्या दुष्काळात पेटले. २०१५ मध्ये पुन्हा आगी लागल्या. त्या वर्षी इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले व त्या देशाचे सुमारे १,६०० कोटी डॉलरांचे नुकसान झाले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. मळ्यासाठी जमीन साफ करण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे काडेपेटी. ती स्वस्त पडते, कारण धुराचा, आजारपणाचा आणि गेलेल्या प्राण्यांचा खर्च काडी ओढणाऱ्याच्या वहीत कधीच लिहिला जात नाही. म्हणून तो तेलाच्या भावातही उतरत नाही.

मग पामतेलावर बहिष्कार घालावा काय? हा उपाय भावनेला पटला तरी हिशेबात टिकत नाही. एका हेक्टरातून पामचे झाड सरासरी तीन-चार टन तेल देते. सोयाबीन अर्धा टनही देत नाही. तेवढेच तेल सोयाबीनमधून काढू म्हटले तर कितीतरी पट जमीन लागेल, आणि ती ब्राझीलच्या रानातून येणार नाही याची हमी कोण देणार? शिवाय इंडोनेशियातील पामखालील सुमारे ४० टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांकडे आहे. प्रश्न झाडाचा नाही, ते कोठे लावले याचा आहे. इंडोनेशियाने २०११ मध्ये मूळ अरण्ये आणि दलदलीच्या जमिनी यांवरील नव्या परवान्यांना स्थगिती दिली व २०१९ मध्ये ती कायम केली. त्यात पळवाटा आहेत, तरी नंतरच्या वर्षांत मळ्यांसाठी होणारी तोड पुष्कळ मंदावली, हे विसरता येत नाही.

येथे सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचे कर्तव्य सुरू होते. कच्च्या पामतेलावरील मूळ आयातशुल्क आपल्या सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्क्यांवर नेले आणि मे २०२५ मध्ये १० टक्क्यांवर आणले. आधी तेलबिया पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा विचार झाला, मग ग्राहकाचा. दोन्ही रास्तच. परंतु जे शुल्क वर्षभरात दोनदा हलविता येते, त्यात अरण्य न तोडता काढलेल्या तेलासाठी चार टक्क्यांची सवलत ठेवता येणार नाही काय? आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम आडवे येतील, असे कोणी म्हणेल. स्वित्झर्लंडने इंडोनेशियाशी केलेल्या करारात अशीच सवलत प्रमाणित तेलाला दिली, २०२१ च्या मार्चमध्ये तेथील जनतेने ती मतदानाने मान्य केली आणि त्याच वर्षी करार अमलात आला. स्वित्झर्लंडची खरेदी ती किती! आपली मागणी वार्षिक ८०-९० लाख टनांच्या आसपास असते. विक्रेत्याला कोणाचा शब्द अधिक जड वाटेल, हे सांगावयास नको.

आयात कमी करण्यासाठी २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांची पामतेल योजना जाहीर केली व तिचा विशेष भर ईशान्य भारत आणि अंदमानवर ठेवला. त्याच ईशान्येत हुलॉक गिबन राहतो. तो मोठ्या कपींत मोडत नाही, पण भारतातला कपी म्हणावा तर तोच. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर जाणाऱ्या या प्राण्याला रानात पडलेली थोडी फटही ओलांडणे कठीण जाते. डोंगराळ राज्यांत झूम शेतीनंतर विश्रांतीसाठी सोडलेली, पुन्हा रान वाढत असलेली जमीन सरकारी कागदावर सहज 'पडीक' ठरते. अनुदानाचा पहिला हप्ता देण्यापूर्वी तो कागद आणि ती जमीन शेजारी ठेवून तपासण्याचे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, हे संसदेत कोणीतरी विचारावयास हवे.